ताईचा आवाज, तीन मशीनवर

खुडबुड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण घरातलं घड्याळ, शेजाऱ्यांचा रेडिओ आणि एकदा तर भिंतीतलं विजेचं बटण उघडून बसलेल्या पोराला थोरल्या बहिणीने दुसरं म्हणावं तरी काय? "झाली का सुरू तुझी खुडबुड? खुडबुड्या, ठेव ते खाली!" असं ती तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून ओरडायची आणि खाली रस्त्यावरचा सायकलवाला दचकून ब्रेक दाबायचा. आवाज म्हणजे आवाज होता हो ताईचा! आई लवकर गेली, वडील सदा फिरतीवर. या धाकट्याला न्हाऊ घालणं, शाळेत घालणं, कुणाचा मार खाऊन आला तर त्या मारणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं, सगळं ताईने केलं, आणि आवाजाच्या जोरावर केलं. हात उगारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

पुढे ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत नोकरीला लागली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणती रद्द, कुणाचं पोर हरवलंय, हे सगळं माईकवरून ओरडून सांगायचं काम. माईक बंद पडला तरी प्रवाशांना पत्ता लागायचा नाही. बरोबरची मंडळी तिला भोंगा म्हणायची. ताई म्हणायची, "भोंगा आहे म्हणून तुमच्या गाड्या सुटतायत. तुमच्यासारखी पिपाणी खिडकीत बसवली असती तर लोक अजून इथेच झोपले असते." लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन परगावी गेली, ताईच्या केसांत पांढरं दिसू लागलं, पण आवाज होता तिथेच होता. भाऊजी तसे गरीब माणूस. ते म्हणायचे, "आमच्या घरात बोलणारं एकच आहे, बाकी आम्ही श्रोते."

आणि अशा बाईच्या घशात गाठ निघावी! पायात निघती, पोटात निघती. पण नाही. आजाराला जागा कळते बरोबर.

आता खुडबुड्याचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठ्या इस्पितळाच्या मागे एक दुमजली इमारत होती, तिला सगळे वाचाकेंद्र म्हणत. ज्यांचा आवाज आजाराने किंवा ऑपरेशनने जाणार आहे त्यांनी तो जायच्या आधी तिथे यायचं, काचेच्या खोलीत बसायचं आणि वाक्यं वाचायची. ती साठवायची. नंतर त्या वाक्यांवरून संगणकाने त्या माणसाचा आवाज घडवायचा. मग हातात मावेल एवढं एक यंत्र मिळायचं. त्यावर टाइप केलं की ते बोलायचं, आणि बोलायचं ते तुमच्याच आवाजात. अगदी हुबेहूब नाही, पण घरच्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं इतपत. खुडबुड्या तिथला सर्व्हरवाला. जिन्याखालच्या खोलीत त्याची मशीन, एसीचं गळणारं पाणी धरायला एक निळी बादली, आणि टेबलाखाली पाय ठेवायला जागा नाही इतक्या वायरी.

पूर्वी केंद्रात जुन्या पद्धतीचा डेटाबेस होता. म्हणजे एकसारख्या खणांचं कपाट समजा. नाव या खणात, वय त्या खणात, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, सगळं ओळीने. पण माणसं कुठे ओळीने येतात? कुणी यादी संपवून वर दहा वाक्यं पदरची घालतो, कुणी तीन वाक्यं वाचून रडायला लागतो, कुणी वाक्यं बाजूला ठेवून गाणंच म्हणतो. कपाट लगेच कुरकुर करायचं. तेव्हा खुडबुड्याने नोएसक्यूएल नावाचा नव्या पद्धतीचा डेटाबेस बसवायचं ठरवलं. त्यात खण नाहीत. माणशी एक पिशवी, आणि पिशवीत काय वाटेल ते घाला. खोकला घाला, हसू घाला, तक्रार नाही.

बसवताना मात्र त्या डेटाबेसने त्याचा घाम काढला. मशीन तीन. एक मुख्य, आणि बाकीच्या दोघींनी मुख्यीकडे जे लिहिलं जाईल ते लगोलग आपल्याकडे उतरवून घ्यायचं. मुख्य पडली तर उरलेल्या दोघींनी मतदान करून नवी मुख्य निवडायची. ऐकायला छान. प्रत्यक्षात तिघी एकमेकींना ओळखच देईनात. एकीला दुसरीचं नाव माहीत, पत्ता माहीत नाही. पत्ता दिला तर मधे फायरवॉल, म्हणजे मशीनची पहारेकरीण, पाय पसरून बसलेली. ती हटवली तर तिसरीचं घड्याळ मागे, म्हणून तिचा हिशोब जुळेना. खुडबुड्याने एकेक गाठ सोडवली. शेवटी भर दुपारी, वर काचेच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असताना, त्याने मुख्य मशीनची वायर सरळ उपटली. वर कुणाला काही कळलंही नाही. दोघींनी मतदान उरकलं, एक मुख्य झाली, वाक्यं येत राहिली.

त्याने आनंदाने ताईला फोन लावला. "ताई, एक पडली तरी दुसरी उभी राहते बघ!"

"आणि तू पडलास तर?" ताई म्हणाली. "जेवलास का आधी ते सांग."

हे सगळं नीट चाललंय ना हे कळायला त्याने एक युक्ती केली होती. स्वतःच्या आवाजात "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" असं रेकॉर्ड करून एक चाचणीची पिशवी बनवली, आणि एक छोटा प्रोग्रॅम लावला. त्याने दर मिनिटाला त्या पिशवीवर नवी वेळ टाकून यायचं. वेळ पडली म्हणजे लिहिणं चालू आहे. मग त्याच्या पडद्यावर हिरवा दिवा. त्या हिरव्या दिव्यावर त्याचा फार जीव.

ताईच्या घशाचं निदान झालं आणि ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा तो तिला हाताला धरून केंद्रात घेऊन आला. तिथे रेकॉर्डिंग घ्यायला एक बाई होत्या. मऊ बोलायच्या, प्रत्येक अक्षर धुऊन वाळवून ठेवल्यासारखं. सगळे त्यांना उच्चारबाई म्हणत. त्यांनी ताईच्या हातात यादी दिली. आज हवा छान आहे. मला पाणी हवं आहे. कृपया दार लावा.

ताईने यादी वाचली, चष्मा काढला. "हे कोण बोलतं हो घरात? कृपया दार लावा? मी जन्मात कुणाला कृपया म्हटलं नाही."

"सगळे ध्वनी यावेत म्हणून अशी वाक्यं असतात, ताई."

"येतील, येतील. ध्वनीची काळजी तुम्ही करू नका." आणि माईकजवळ तोंड नेऊन ताई सुरू झाली. "खुडबुड्या, ताट वाढलंय, ते यंत्र ठेव बाजूला. अरे, ऐकू येतं की कान गहाण ठेवलेत? ओला टॉवेल पलंगावर! किती वेळा सांगितलं! अहो, तुम्ही काय नुसते हसताय, दूध उतू गेलं बघा तिकडे!"

उच्चारबाई काचेपलीकडे हसून हसून मेटाकुटीला आल्या. "ही वाक्यं यादीत नाहीत," त्या म्हणाल्या.

"यादीत नसतील, माझ्या तोंडात हीच असतात. आवाज बनवायचाय ना माझा? मग मला ओरडता आलं पाहिजे. गोड बोलायचं असतं तर मी हाताने लिहून दिलं असतं."

आठवडाभर ती येत राहिली. आवाज तेव्हाच फाटायला लागला होता, घोटाघोटाने गरम पाणी पीत ती बोलायची. यादीतलीही सगळी वाचली शेवटी, उच्चारबाईंचं मन राखायला. खुडबुड्या खाली जिन्याखाली बसून तिची पिशवी फुगताना बघत होता. वाक्य आलं की मुख्यीवर, आणि पापणी लवायच्या आत दुसरीवर, तिसरीवर. तीन ठिकाणी ताई. गाठ काय करेल करो, हे काही ती नेऊ शकत नाही, असं त्याला मनापासून वाटलं. त्या आठवड्यात त्याला झोपही बरी लागली.

आता ऐका, घात कुठे झाला ते. डिस्क भरत चालली होती. केंद्रात जो येईल तो माईक बघून "हॅलो हॅलो" करून जायचा. नवे कर्मचारी, पाहुणे, साहेबांचे पाहुणे. त्या सगळ्या फुकटच्या पिशव्या खऱ्या पिशव्यांतच पडून. कपाट असतं तर चाचणीचा खण वेगळा ठेवला असता, पण पिशव्यांच्या राज्यात सगळं एकत्र, फक्त त्या पिशवीवर "चाचणी" अशी चिठ्ठी. या डेटाबेसमध्ये एक सोय असते. मुदतीचा नियम लावता येतो. ज्या पिशवीला सहा महिने कुणी हात लावला नाही ती मशीनने आपणहून काढून टाकायची. खुडबुड्याने नियम लिहिला आणि बरोबर अट घातली, की ज्यावर चाचणीची चिठ्ठी आहे तेवढ्याच काढायच्या.

नियम चालेना. जुनाट पिशव्या जिथल्या तिथे. अटीतच घोळ असेल म्हणून त्याने तात्पुरती अट काढून बघितली. तरी हलेना. मग त्याच्या लक्षात आलं की पिशवीवरची तारीख ही तारीख म्हणून नाही, नुसतं अक्षरं म्हणून लिहिली जात होती, आणि मशीनला अशी तारीख दिसतच नाही. त्याने ते दुरुस्त केलं. नियम चालू लागला. दोन-तीन जुन्या "हॅलो हॅलो" पिशव्या त्याच्या डोळ्यांदेखत गेल्या. शाबास! आता अट परत लावायची, की झालं.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी होते. "ऑपरेशन झालं. बाहेर आणलंय तिला. डोळे उघडले, तुला शोधतेय."

तो उठला आणि धावत सुटला. बादलीला पाय लागून पाणी सांडलं तेही त्याने पुसलं नाही. तात्पुरतं म्हणून केलेलं काम या धंद्यात सगळ्यात जास्त टिकतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना तोच शिकवायचा.

ताई वाचली. गळ्याला पुढून एक भोक, त्यातून श्वास. आवाज नाही. ओठ हलायचे, बाहेर नुसता वारा. सवयीने ती स्वयंपाकघरातून हाक मारायला तोंड उघडायची, आणि मग तिला आठवायचं. भाऊजी रिकाम्या भांड्यावर चमचा वाजवून "आहे मी इथे" असं तिला कळवायचे. घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झालेला कळायचा.

"यंत्र आलं की बघ," खुडबुड्या तिला सांगायचा. "आधी मलाच शिव्या दे."

मग यंत्र आलं का नाही लवकर? तर आवाज घडवायला रांग होती. आणि रांगेची यादी मशीनवर लावणारा हाच. आपल्या बहिणीला मधेच घुसवली असं कुणी म्हणू नये म्हणून या शहाण्याने ताईचं नाव आहे तिथून आणखी खाली सरकवलं. एकदा एक तरुण मुलगी पुढे, एकदा एक म्हातारा पुढे. ताईने पाटीवर लिहिलं, "घेऊ दे त्यांना. मी थांबते." जन्मभर लोकांना गाड्यांची वाट बघायला लावलेली बाई, तिला थांबण्याचं काय!

शेवटी जवळजवळ सात महिन्यांनी तिचा नंबर आला. यंत्र आधीच घरी पोचलं होतं, त्यात आवाज भरायचा तेवढा राहिला होता. ताईने ते जेवायच्या टेबलावर ठेवलं होतं, वर धूळ बसू नये म्हणून रुमाल. परगावच्या लेकीला भाऊजींनी सांगून ठेवलं होतं की रविवारी आई फोन करेल. सकाळी दहाच्या सुमारास उच्चारबाईंनी वरून खाली फोन केला. "ताईंची पिशवी पाठवता का? आवाज घडवायला घेतेय."

"आत्ता देतो," खुडबुड्या म्हणाला. त्याने नाव टाकून शोधलं. पडद्यावर उत्तर आलं, शून्य.

तो हसला. चुकीच्या जागी शोधत असेन. जागा तपासली, बरोबर होती. दुसऱ्या मशीनवर शोधलं. शून्य. तिसऱ्या मशीनवर. शून्य. मागच्याच आठवड्यात वीज गेली होती, मशीन उलटसुलट पडल्या-उठल्या होत्या. अशा वेळी मुख्यीने लिहिलेलं बाकीच्यांनी उतरवलं नसेल, तर ते परत उठल्यावर वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवलं जातं. असेल, तिथेच असेल! फोल्डर सापडलं. त्यात फाइल होती. उघडली तर आत त्याचाच आवाज. हॅलो, हॅलो, एक दोन तीन.

मग त्याने नोंदी वाचायला घेतल्या. मशीन जे जे करते ते एका ओळीत लिहून ठेवते, तिला लाज नाही की भीती नाही. आणि तिथे होतं. मुदतीच्या नियमाने एक पिशवी काढली. मुदतीच्या नियमाने एक पिशवी काढली. मधे दिवस जायचे, पुन्हा एक. त्याने नियम उघडला. अट नव्हती.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात ती अशी. ज्याला सहा महिने हात लागला नाही ते काढ. आणि हात कशाला लागणार? जो बोलू शकतो तो येतो, आणखी वाक्यं घालतो, त्याच्या पिशवीवर नवी तारीख पडते. ज्याचा आवाज गेला तो कशाला येईल काचेच्या खोलीत? म्हणजे मशीनने नेमकी वेचून मुक्यांचीच वाक्यं काढली होती. आणि जी पहिल्यांदा जायला हवी ती चाचणीची पिशवी ठणठणीत, कारण तिला दर मिनिटाला हात लावायला त्याने स्वतः नोकर ठेवला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तीन प्रती? तिघींनी इमानाने काम केलं. मुख्यीने पुसलं, लगेच दुसरीने पुसलं, तिसरीने पुसलं. पडद्यावरचा हिरवा दिवा एक क्षण लुकलुकला नाही.

खुडबुड्या काही लगेच हरणारा माणूस नव्हे. त्याने पुढचे दोन दिवस काय नाही केलं! रात्रीच्या प्रती एका वेगळ्या डिस्कवर पडायच्या, पण जागा पुरावी म्हणून आठवड्याहून जुनी प्रत पुसून नवी लिहायची, हा शिरस्ता त्यानेच घातलेला. ताईची पिशवी जाऊन तीन आठवडे झाले होते. वरच्या खोलीतल्या संगणकावर मूळ फाइली असत, पण लोकांचे आवाज असे इकडेतिकडे पडू नयेत म्हणून त्या रोज संध्याकाळी साफ होत. तेही त्यानेच केलेलं. डिस्कमधून पुसलेलं उकरून काढणारा एक जाणकार होता, त्याच्याकडे तिन्ही डिस्क नेल्या. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "यावर पुन्हा लिहिलं गेलंय. रोज, मिनिटामिनिटाला लिहिताय तुम्ही. आता काय उकरणार?" जेवढं म्हणून सांभाळायला केलं होतं, तेवढ्या सगळ्याने मिळून खाल्लं होतं. कुंपणच ते, दुसरं काय!

त्याने भाऊजींचा फोन काहीतरी निमित्त करून मागून आणला आणि त्यातले सगळे जुने व्हिडिओ पाहिले. भाचीचे वाढदिवस, सहली, बागेतला झोका. ताई कुठेच नव्हती. ती कायम कॅमेऱ्यामागे. भोवती गलका, वारा, आणि त्यातून मधूनच, "अरे इकडे बघा ना, इकडे!" एवढंच. तो ते उच्चारबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी कानाला लावून दोनदा ऐकलं आणि मान खाली घातली. "यातून नाही हो बनत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं ते धुतलेलं बोलणंही जरा फाटलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. केंद्राचे प्रमुख, भले गृहस्थ. दार लावून घेतलं.

"किती जणांचं गेलं?"

त्याने आकडा सांगितला.

साहेबांनी आवाज खाली आणला. "वीज गेली होती ना मागे? मोठा दाब आला, मशीन जळल्या, असं सांगता येईल. माणूस विजेला काय बोलणार? तुझी नोकरी राहील, केंद्रही राहील. आधी तुझ्या बहिणीला सांग तसं. तिने मानलं की बाकीचे मानतील."

खुडबुड्या जिन्याखाली येऊन बसला. खोटं काही वाईट नव्हतं. खोट्यात ताईचाही फायदा होता. भावाने पुसलं हे कळण्यापेक्षा विजेने जाळलं हे सोसायला सोपं. त्याने मनात तीनदा म्हणून पाहिलं. ताई, वीज गेली होती गं. प्रत्येक वेळी त्याला लहानपणी फोडलेली काचेची बरणी आणि "मांजर होतं" असं सांगणारा तो स्वतः आठवला. तेव्हा ताईने नुसतं "बघ माझ्याकडे" म्हटलं होतं.

समोर जाऊन सांगायचं त्याच्याने होईना. हे मात्र लपवण्यात अर्थ नाही, भित्रा होता तो. टेबलावरचं ते रुमाल पांघरलेलं यंत्र आणि त्याच्या पलीकडे ताईचा चेहरा, हे त्याला बघवणार नव्हतं. त्याने फोन उचलला. ऑपरेशननंतर ताई फोनवर एक करायची, नखाने टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तो बोलायचा, ती टिचक्या मारायची. असं त्यांचं महिनोन्महिने चालायचं, भाजी आणू का, औषध घेतलंस का.

दुपारचे तीन वाजले होते. घंटा वाजली. फोन उचलला गेला. मग तो श्वास, गळ्यातल्या भोकातून येणारा.

"ताई, मी."

एक टिचकी.

"जेवलीस?"

एक टिचकी. जरा थांबून आणखी एक. म्हणजे "तू जेवलास का?" की "नाही"? ते त्याला कळलं नाही. तो घाईने बोलायला लागला, कारण थांबला असता तर पुन्हा बोलला नसता.

"ताई, तुझा आवाज गेला. म्हणजे इथला. मशीनवरचा. विजेने नाही, कशाने नाही. मी पुसला. मी एक नियम लावला होता, त्यात एक अट घालायची राहिली. तुझं ऑपरेशन झालं तो फोन आला आणि मी उठून पळालो, ती राहिलीच. सगळ्या ठिकाणचा गेला. सगळीकडे शोधलं गं. नाही परत येत. यंत्र बोलेल, पण त्यात दुसऱ्या कुणाचातरी आवाज असेल."

श्वास चालू होता. एरवीपेक्षा हळू.

"ऐकतेयस ना?"

एक टिचकी.

"रागावलीस?"

काही नाही. त्याने फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. चाळीस वर्षांत एवढी मोठी चूक त्याने केली नव्हती आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या चुकीवर ताई गप्प होती. ओरड ना, त्याच्या मनात आलं. बोल काहीतरी. त्याच्या तोंडून हुंदका फुटला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली, की आवाज गेला तिचा आणि रडतोय हा.

"ठेवू का फोन?"

दोन टिचक्या. चटकन.

"बरं. नाही ठेवत."

मग टिचक्या सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही, भराभर, एकीवर एक. मधेच थांबायच्या, श्वास ओढल्याचा आवाज यायचा, पुन्हा सुरू. नखाने, मग बोटाच्या पेराने, मग जोराजोरात, टेबलावरच आपटत असावी. वाक्यं होती ती. लांबलचक, एका दमात म्हणायची, शेवटाला चढत जाणारी. रागावत होती, की समजूत घालत होती, की पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणत होती, की ऊठ आणि आधी घरी ये म्हणत होती? मागून भाऊजींचा घाबरलेला आवाज आला, "अगं, काय झालं? अगं, हात दुखेल!" ती थांबली नाही.

"ताई, हळू," तो म्हणाला. "हळू बोल ना गं. मला कळत नाहीये."

ती बोलत राहिली. तो फोन धरून, एकेक टिचकी कान देऊन ऐकत राहिला, आणि त्यातला एक शब्दही त्याला कळला नाही.